केसरबाई आणि एकतीस बंद घरं

केसरबाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, आणि चालणं असं झपाझप की तो सारखा वाजत राहायचा. दिवाळीच्या आसपास त्यांची चेष्टा करायचा माझा नेमच होता. "केसरबाई, एवढी घरं तर तालुक्यात कुणाच्या नावावर नसतील."

"घरं त्यांची हायेत भाऊ, राखण तेवढी माझी," असं म्हणून त्या पदर खोचून पुढच्या घराकडं निघायच्या.

मी विलास. गाव माझं तेलगाव, नोकरी नेकनूरहून आत असलेल्या एका उपकेंद्रात, आरोग्य सेवक म्हणून. लोक मला मलेरियावाले म्हणतात. अकरा वर्षांत मलेरियाचे रोगी मी दोनच बघितले, पण नाव चिकटलं ते चिकटलं. डासाची अळी शोधणं, तापाच्या माणसाचं रक्त घेणं आणि उरलेला सगळा वेळ तक्ते भरणं हे माझं काम. शेवटच्या कामात मी फार तरबेज आहे, आणि त्याची मला लाज वाटते. का, ते पुढं येईलच.

केसरबाई उपकेंद्राच्या गावच्या आशाताई. पन्नाशीला आलेल्या, आठवी पास, बोलायला फटकळ. त्याआधी त्यांनी नवऱ्याबरोबर चौदा हंगाम ऊस तोडला होता. पाठीचा मणका गेला तेव्हा कोयता सुटला. नवरा पुढं वारला, मुलगी लग्न होऊन गेवराईकडं गेली. तेव्हापासून खालची वस्ती हेच त्यांचं घर झालं. कुणाला दिवस गेले, कुणाच्या लेकराचा डोस राहिला, कोणती म्हातारी गोळ्या घेते म्हणून सांगते आणि उशाखाली ठेवते, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

खालच्या वस्तीत चाळीस घरं. दसरा झाला की त्यातल्या एकतीस घरांना कुलूप लागतं. नवरा-बायको ट्रकमध्ये बसून सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ते कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की चैत्राच्या आसपास परत येतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. नऊ उघड्या घरांत मिळून पंचवीस-तीस लेकरं असतात. एकेका आजीच्या पदराखाली तीन-तीन, चार-चार.

निघताना या वस्तीत एक रीत पाळतात. उंबऱ्याच्या आत, उजव्या हाताला, गुडघ्याच्या वर येईल एवढा मातीचा रांजण असतो. घरधनीण तो काठोकाठ भरते, गळ्याला हळदीकुंकवाची बोटं ओढते, तुळशीची दोन पानं सोडते आणि मग कुलूप लावते. घरातली माणसं कोयत्यावर असेपर्यंत घर रिकामं पडू द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. रांजणावर झाकणही ठेवत नाहीत. देव आला तर त्याला पाणी दिसलं पाहिजे, असं म्हातारी माणसं सांगतात. पाचेक महिने रांजण उणा होऊ द्यायचा नाही, म्हणून किल्ली कुणातरी विश्वासाच्या बाईकडं देऊन जायचं. ती बाई म्हणजे केसरबाई.

दर आठव्या दिवशी त्या एकतीस कुलपं उघडायच्या. उंबरा झाडायच्या, देवाला दिवा लावायच्या आणि रांजणात जेवढं पाणी झिरपून कमी झालं असेल तेवढं कळशीनं वरून घालायच्या. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येणारी वस्ती ही. कितीदा तरी त्यांनी स्वतःच्या टाकीतलं पाणी त्या रांजणांत घातलेलं मी पाहिलंय. एकदा मी म्हणालो, "अहो, तुमच्याकडं अंघोळीला उरलं का?" त्या म्हणाल्या, "मी तोडीला जायचे तवा माझा रांजण दुसरीनं भरला का न्हाई? मग?"

आता माझ्या तक्त्याचं सांगतो. घरोघरी जाऊन पाण्याची भांडी तपासायची, अळ्या दिसल्या तर पाणी ओतून द्यायचं, भांडं घासायला लावायचं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगायचं. तक्त्यात रकाने असतात. तपासलेली घरं, दूषित घरं, आणि बंद घरं. खालच्या वस्तीत मी आणि केसरबाई मिळून जायचो. नऊ घरांतली टिपाडं, हौद, घागरी आम्ही बारीक बघायचो. अळी दिसली की केसरबाई त्या घरच्या म्हातारीला असं काही झापायच्या की मलाच तिची दया यायची. मग मी लिहायचो, बंद घरं एकतीस. त्या एकतीस घरांच्या किल्ल्या माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या कमरेला वाजत असायच्या, आणि मी लिहायचो बंद घरं एकतीस. या उपकेंद्रात आल्यापासून सात वर्षं असंच लिहिलं. ते रांजण बघावेत असं त्यांना वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही. ते पाणी आमच्या डोक्यात पाणी म्हणून नव्हतंच, ते देवाचं होतं.

वरून जनजागृतीची पत्रकं यायची तीही तशीच. त्यांवर कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, फुलांच्या कुंड्या, गच्चीवरचं जुनं टायर. खाली लिहिलेलं, शंभरावर देशांत डेंग्यू पसरला आहे, सावध राहा. शाळेच्या भिंतीवर मी ते चिकटवलं, तेव्हा रुक्मिणीबाई नावाची म्हातारी नातीकडून वाचून घेऊन म्हणाली, "यातलं एक बी आपल्यात न्हाई. बरं झालं माय." सगळे हसले, मीही हसलो. पत्रकं काढणाऱ्याला आमची वस्ती माहीत नव्हती, ते सोडून देऊ. मला तर माहीत होती ना!

ती वाचून दाखवणारी नात म्हणजे दीपमाला. सहावीत होती. तिचे आईबाप मंगल आणि बजरंग, दोघंही कोयत्यावर. रुक्मिणीबाईच्या जुन्या घराला लागूनच बजरंगची पत्र्याची खोली, मधे एकच भिंत. खोलीला कुलूप, आणि पत्रा व भिंतीच्या मधे हात जाईल एवढी फट. दीपमाला आजीकडं झोपायची, पण शाळेतून आली की त्या बंद खोलीच्या ओट्यावर बसून अभ्यास करायची. आईच्या दारात बसलं की बरं वाटतं, असं ती केसरबाईंना सांगायची.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर बारा दिवसांनी तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी केसरबाईंनी तिला उपकेंद्रात आणलं. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाली, अंग ठणकतंय म्हणाली. मी रक्त घेऊन तपासायला पाठवलं. तापाची साधी गोळी सोडून दुसरी कोणती गोळी द्यायची नाही, पाणी पाजत राहायचं, उलटी झाली, पोट दुखलं, हिरड्यांतून रक्त आलं तर तडक निघायचं, एवढं सगळं सांगितलं. रुक्मिणीबाईनं मान हलवली. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. म्हातारीनं देवापुढं साखर ठेवली. पोरगी दूधभाकरी खाऊन पडून राहिली. दुपारी पोट दुखतंय म्हणाली तेव्हा आजीला वाटलं, चार दिवसांनी पोटात अन्न गेलंय, दुखणारच. या आजारात ताप उतरतो तीच वेळ खरी घाताची असते. हे मी आशाताईंच्या बैठकीत दहा वेळा बोललो असेन, पण त्या म्हातारीसमोर बोललो नव्हतो. संध्याकाळी केसरबाई डोकावल्या. त्यांनी पोरीचा हात हातात घेतला, तर तो बर्फासारखा गार. त्यांनी स्वतः जीप ठरवली. मांजरसुंब्याच्या पुढं पोरीला उलटी झाली, काळी. बीडला नेलं, पेशी चढवल्या, तिथल्या लोकांनी रात्रभर धडपड केली. दुसऱ्या दिवशी दुपारी दीपमाला गेली.

आईबाप कोल्हापूरच्या बाजूनं संध्याकाळी पोचले. मंगल रडत नव्हती. ती नुसती सासूकडं बघत होती आणि सासू जमिनीकडं. ते चार दिवस मला आठवू म्हटलं तरी आठवत नाहीत. वरून पथक आलं, धूर सोडला, आम्ही नऊच्या नऊ घरं पालथी घातली. एकही अळी नाही. केसरबाईंनी नऊ घरं इतकी स्वच्छ ठेवली होती की पथकातल्या माणसानं त्यांचं कौतुक केलं. मी तक्ता भरला. दूषित घरं शून्य, बंद घरं एकतीस. सही केली.

पाचव्या दिवशी बजरंग आणि मंगल परत निघाले. ऊसतोडीची टोळी थांबणार नव्हती. त्या चार दिवसांत मंगलनं स्वतःच्या खोलीचं कुलूप काढलं नव्हतं. निघताना ती ओट्यावर बसली आणि केसरबाईंना म्हणाली, "मला आत जाववत न्हाई. पेटीत तिचा निळा फ्रॉक हाय, तेवढा आणून द्या."

पुढचं मला केसरबाईंनीच सांगितलं. त्यांनी कुलूप उघडलं. पलीकडं पेटीतून फ्रॉक काढला. परत फिरल्या तेव्हा उघड्या दारातून ऊन आत आलेलं, ते नेमकं रांजणात पडलं होतं. एरवी त्या पहाटे अंधारात यायच्या, घाईत कळशी ओतायच्या. त्या दिवशी पाणी तळापर्यंत दिसलं. सात वर्षं दुसऱ्यांच्या टिपाडांत जे शोधत फिरल्या ते समोर होतं, एक-दोन नाही, शेकड्यांनी, वरखाली वळवळणारं. त्या फ्रॉक घेऊन बाहेर आल्या. मंगलनं तो छातीशी धरला. केसरबाईंनी तिच्याकडं पाठ करून कुलूप लावलं. जीप निघून गेली.

तासाभरानं त्या उपकेंद्रात आल्या. जुडगा वाजत नव्हता, त्यांनी तो मुठीत घट्ट धरला होता. दुसऱ्या हातात स्टीलचा तांब्या. तो माझ्या टेबलावर ठेवला. मी आत बघितलं.

"कुठल्या घरातलं हे?"

"मंगलच्या." मग म्हणाल्या, "भाऊ, मी तर दर आठ दिवसाला ताजं पाणी वतत व्हते. शिळं कधी ठिवलं न्हाई. मग कावून झाल्या?"

खरं सांगायला नको होतं, असं मला आजही कधी कधी वाटतं. पण त्यांच्यापुढं खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. मी सांगितलं, या डासाची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या वर, ओल्या काठाला चिकटवते. कोरड्यातही ती कित्येक महिने तग धरतात. वरून पाणी पडून काठ बुडाला की फुटतात. म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, भांडं घासावं लागतं.

त्यांनी हिशेब लावायला वेळ घेतला नाही. "म्हंजे मी वतलं म्हणून."

"असं नाही केसरबाई. कुठल्या डासानं चावा घेतला ते कुणीच सांगू शकत नाही. शाळेतला असेल, रस्त्यावरचा असेल..."

"भाऊ, पोरगी त्या दाराला टेकून बसायची." मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. वस्तीत अजून पंचवीस लेकरं होती आणि त्यांच्या भोवती तीस रांजण भरलेले होते. पाणी ओतायचं, रांजण घासायचे आणि उपडे घालायचे. पण घरं लोकांची, रीत लोकांची. उपडा रांजण इथं मयताच्या घरातच दिसतो. त्या फोन घेऊन बसल्या. एकेका टोळीला, एकेका घरधनिणीला फोन. काहींनी दीपमालाचं नाव ऐकताच हो म्हटलं. काहींनी नवऱ्याला विचारते म्हणून फोन ठेवला. बद्रीनाथ, टोळीचा मुकादम, फोनवर असा ओरडला की मला बाजूला ऐकू आलं. "आमची बायामाणसं हितं ट्रॉलीवर चढून मोळ्या लावायलीत. तिकडं आमची घरं रिकामी करता का? काय इपरीत झालं तर कोण बघंल?"

मी म्हणालो, जे नाही म्हणतात त्यांच्या रांजणात औषधाचे थेंब टाकू, पाणी राहू द्या. माझ्या परीनं तो मधला मार्ग होता. केसरबाई म्हणाल्या, "थेंब किती दिवस पुरतो? आन सपल्यावर?" थेंबाची बाटली उपकेंद्रात कधी असते, कधी नसते. त्यांनी दोन दिवसांत एकतीसच्या एकतीस रांजण रिकामे केले. मंगलचा, परवानगी दिलेले एकवीस, आणि न दिलेले नऊही. मीही मदतीला लागलो. नारळाच्या शेंडीनं आतून घासताना त्यांची नखं फुटली. एकोणीस रांजणांत अळ्या निघाल्या. प्रत्येक वेळी त्या मला बोलावून दाखवायच्या, बघा म्हणायच्या, आणि मी बघायचो. त्या साली वस्तीत दुसऱ्या कुणा लेकराला तसला ताप आला नाही.

पण याचं कौतुक कुणाला असणार? जे झालं नाही ते दिसत नाही. आणि जे दिसलं ते असं, की पौषात बद्रीनाथच्या उसाच्या भरल्या ट्रॉलीचा खटका निसटला, ट्रॉली कलंडली आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. बातमी वस्तीत पोचायच्या आधी टोळ्यांत फिरली, आणि तिच्याबरोबर दुसरीही फिरली की केसरबाईनं रांजण उपडे घातले होते. मला तर संताप यायचा. निसटलेला खटका कुणी बघत नव्हतं, सगळे उपडा रांजण बघत होते. पण मी पडलो बाहेरगावचा, त्यात सरकारी माणूस. माझं कोण ऐकणार?

चैत्रात ट्रक परत आले. एकेक बाई केसरबाईंच्या दारात आली आणि हात पुढं केला. भांडण फारसं कुणी केलं नाही. नुसती किल्ली मागितली. बद्रीनाथ कुबडी टेकत आला आणि म्हणाला, "तुमच्यावर घर सोपवलं व्हतं बाई, दवाखाना न्हवता सोपवला." तीन दिवसांत जुडग्यात एकच किल्ली उरली. त्यानंतर त्या वस्तीतून चालत गेल्या की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, कारण आवाजच नसायचा.

मंगल तेवढी किल्ली मागायला आली नव्हती. केसरबाई मला म्हणाल्या, "भाऊ, माझ्यासंगं चला. बोलायचं मीच हाय, तुमी नुसतं हुबं ऱ्हा." मी म्हणालो, नका सांगू. झालं ते झालं, तिला कशाला पुन्हा. त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या की मी चप्पल घातली.

मंगल ओट्यावर ज्वारी निवडत होती. केसरबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. सगळं सांगितलं, अंडी, काठ, कळशी, सगळं. शेवटी म्हणाल्या, "त्या दिशी मी फ्रॉक घिऊन भायेर आले, तवाच मला कळलं व्हतं. तुला सांगायची छाती झाली न्हाई." आणि किल्ली तिच्या सुपाशेजारी ठेवली.

मंगलचा हात ज्वारीतच होता. ती म्हणाली, "उठा तुमी." रागानं नाही, हलक्यानं. आम्ही उठलो. पुढं सबंध पावसाळा ती केसरबाईंशी एक शब्दही बोलली नाही. पाण्यावर भेटली तर घागर घेऊन बाजूला व्हायची.

मे महिन्यात डेंग्यू दिवसाचा कार्यक्रम आमच्या शाळेत झाला. जिल्ह्याहून माणसं आली, बॅनर लागला, त्यावर पुन्हा तोच कूलर. केसरबाईंनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं होतं, घोषणा मी लिहून दिल्या होत्या. त्यांनी कागद उघडलाच नाही. माइक धरून म्हणाल्या, "ह्या चित्रात रांजण न्हाई. आमच्या वस्तीत ज्यानं पोरगी गेली त्यो रांजण ह्याच्यात न्हाई. आन त्यो मी भरला व्हता." पाहुणे गोंधळले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या. वस्तीतल्या बहुतेक बाया माना खाली घालून उठून गेल्या, तरी केसरबाई रांजण आतून कडेकडेनं कसा घासायचा ते सांगतच राहिल्या. घरातली गोष्ट चारचौघांत मांडली म्हणून बायांचा राग आणखी वाढला. मी त्या रात्री बॅनरच्या रिकाम्या कोपऱ्यात पेनानं रांजण काढला. चित्रकला माझी अशी की तो भोपळ्यासारखा दिसत होता.

श्रावण गेला, गणपती गेले. केसरबाईंची झोप उडाली होती. या साली किल्ल्या त्यांच्याकडं नसणार. लोक रांजण भरणार, कुलूप लावणार आणि किल्ली खिशात घालून तीनशे किलोमीटरवर जाणार. आत काय वाढतंय ते बघायलाही कुणाला जाता येणार नव्हतं. मागच्या सालापेक्षा हे वाईट होतं, आणि लेकरं या साली अठ्ठावीस होती. त्या दारोदार फिरल्या. भरा, पण वर फडकं बांधा. फडकं नको तर थाळी ठेवा. कुणी ऐकून घेतलं, कुणी दार लोटलं. एक बाई मला म्हणाली, "खरं असंल वो भाऊ त्यांचं. पण पयलं कोण करंल? ज्याचं माणूस कोयत्यावर चाललंय त्यानं?"

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रक वस्तीच्या तोंडाशी लागला. गोधडी, चूल, कोंबड्या, पत्रे चढत होते. घरोघरी रांजण भरले जात होते. केसरबाई अजूनही एका दारातून दुसऱ्या दारात जात होत्या, हातात जुन्या लुगड्याच्या फाडलेल्या चिंध्या. चिंध्या तशाच होत्या, एकही कमी झाली नव्हती. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. ट्रकशेजारी लंगडत बद्रीनाथ माणसं मोजत होता.

मंगल अजून यायची होती. बजरंगनं हाक मारली. रुक्मिणीबाईनं सुनेचा रांजण सकाळीच भरून ठेवला होता, हळदीकुंकू लावून. मंगल आत गेली. मला वाटलं आता कुलूप लागेल. तेवढ्यात घासल्याचा आवाज आला. तिनं तो भरला रांजण दोन्ही हातांनी ओढत उंबऱ्यापर्यंत आणला आणि कलता केला. पाणी ओट्यावरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर आलं, ट्रकच्या चाकांपर्यंत. रुक्मिणीबाई ओरडली, "अगं, जाताना! जाताना काय करायलीस!"

मंगलनं अंगणात बसून शेंडीनं रांजण आतून घासला, कडेकडेनं, वरपासून खालपर्यंत. केसरबाईंनी मे महिन्यात माइकवर जसं सांगितलं होतं तसाच. म्हणजे ती त्या दिवशी उठून गेली नव्हती, ऐकत होती. मग तिनं तो अंगणात उपडा घातला, हात पुसले आणि ट्रकमधल्या बायांकडं बघून बोलली.

"गेल्या साली काठोकाठ भरून गेलते मी. तुमच्यापरीस दोन बोटं जादाच. आता माझ्या घरातून जायचं काय ऱ्हायलंय? म्हणून पयला माझा घातला. तुमची लेकरं हितंच हायेत. तुमी बघा."

तिनं कुलूप लावलं, रस्ता ओलांडून केसरबाईंच्या समोर आली. सात महिन्यांनी पहिल्यांदा. किल्ली पुढं केली आणि म्हणाली, "तुमाला माफ केलं असं समजू नका. मला व्हत न्हाई ते. पण घर उघडून बघायला माणूस लागतं, आन तुमी खरं सांगितलंत."

केसरबाईंनी किल्ली घेतली, आणि तिथंच, ओल्या रस्त्यात, तोंडाला पदर लावून रडल्या. मंगल ट्रकच्या मागच्या फळीवर पाय ठेवून चढली. तिला वर घ्यायला बद्रीनाथच्या बायकोनं हात दिला. तिला वर घेऊन झाल्यावर ती बाई स्वतः खाली उतरली. नवरा म्हणाला, "कुठं चाललीस?" ती म्हणाली, "घरी. दोन लेकरं ठिवून चाललेय मी हितं," आणि कमरेची किल्ली काढत निघाली. तिच्यामागं आणखी एक उतरली, मग दोघीजणी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. त्या दिवशी एकतीसपैकी चौदा रांजण अंगणात उपडे पडले, आणि ट्रक दीड तास उशिरा निघाला.